देवीने दिलेली पिकअप

मे महिन्यातला पहिला सोमवार. लग्नावरून परत आलेली पितळी भांडी मी मागच्या अंगणात पसरून चिंचेने घासून घेत होते, आणि फाटकाबाहेर भावोजींच्या पिकअपचा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या घालून कुणी तो डबा अगदी सावकाश हलवावा, तसा तो आवाज. तो बंद झाला की गाडी आली असं समजायचं. ती येते आहे हे तर बऱ्याच आधीपासून सगळ्या वाड्याला, म्हणजे आमच्या वस्तीला, कळलेलं असायचं.

सबंध पेडणे तालुक्यात एकही निर्णय स्वतः न घेता साठी ओलांडलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. निर्णय घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतः त्यांतलीच आहे, आणि आमच्यापैकी कुणाच्याही कपाळावर भावोजींच्या कपाळावर असते तशी शांतता मला दिसलेली नाही. आमच्याकडे देवाला कौल लावायची रीत आहे. भट मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, यजमानाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात, आणि मग सगळे हात जोडून पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घर बांधणं, सोयरीक, भावाभावांतला तंटा अशा गोष्टींना सगळेच विचारतात, त्यात नवल नाही. भावोजी मात्र चष्म्याची काडी बदलावी की चष्मा, हेसुद्धा विचारून आले होते. परसातला वठलेला माड तोडायचा, त्यालाही कौल. विहिरीला कौल लावला तेव्हा उजवी पाकळी टपकन पडली; भावोजींनी घरी येऊन लगेच माणसं लावली आणि नेमक्या काळ्या दगडावर खणायला घेतलं. पाणी लागलं नाही. मी म्हटलं, "देवान हो म्हटला ना?" तर शांतपणे म्हणाले, "खणू काय म्हणान विचारलंय, वयनी. खय खणू ता विचारूक नाय." त्यात देवाचा काही दोष नव्हता आणि त्यांनीही तो दिला नाही. लग्नसुद्धा असंच ठरलेलं. माझी नणंद खुशीत असली की म्हणते, "उजवी पाकळी पडली म्हणान मी ह्या घरात आसंय." चिडलेली असली की म्हणते, "वाऱ्यान पडली असतली."

ती पिकअपसुद्धा कौलाचीच. भावोजींच्या आईचं माहेर डिचोलीकडचं, आणि त्या गावच्या देवीवर त्यांची भारी भिस्त. तिथे जाऊन त्यांनी गाडी घेऊ का म्हणून विचारलं, मग पांढरी घेऊ का म्हणून विचारलं, आणि दोन्ही वेळा उजवी पाकळी घेऊन परतले. तेव्हापासून ती गाडी त्यांनी 'घेतलेली' नव्हती, देवीने 'दिलेली' होती. हा फरक आपल्याला लहान वाटतो. पुढे सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझा धंदा भांड्यांचा आणि खुर्च्यांचा. लग्न असो, मुंज असो, तेरावं असो, माणसं जमली की त्यांना बसायला आणि जेवायला लागतं, आणि ते मी भाड्याने पुरवते. ने-आण सगळी भावोजींच्या पिकअपमधून. आता भावोजी गाडी चालवत असं म्हणणं खरं नव्हे; गाडी जात असे आणि ते तिच्यासोबत असत. एक हात चाकावर, दुसरा खिडकीबाहेर, बोटांमधून वारा जाऊ देत. वळणावर हॉर्न वाजवायचा नाही, कारण वळणापलीकडे गुरं बसलेली असतात आणि ती दचकतात. चढावर गाडी पळवायची नाही, कारण तिला धाप लागते. वाटेत कुणी हात केला तर थांबायचं, आणि कुणी हात केला नाही पण चालून दमलेला दिसला तरी थांबायचं. मोपाच्या सड्यावर, त्या खडकाळ पठारावर, विमानतळ झाल्यापासून त्यात आणखी एक भर पडली. उतरणारं विमान डोक्यावरून खाली येताना दिसलं की भावोजी पिकअप रस्त्याच्या कडेला घेत. मी एकदा विचारलं, "भावोजी, ता विमान वरसून जाता. तुमी कित्या साइड देतात?" तर म्हणाले, "तेंका घाई आसता, वयनी. आपणाक खय आसा?" गाडीत तेव्हा माझी शंभर माणसांच्या जेवणाची भांडी होती आणि तिकडे मांडवात आचारी कपाळाला हात लावून बसलेला होता. पण हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही निवांत होता, की मीही मान वर करून त्या विमानाचं पांढरं पोट सड्यावरच्या करवंदीच्या जाळ्यांवरून सरकत गेलेलं बघत राहिले. नंतर अर्थात रागावले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्या ह्याच सावकाशीसाठी लोक रांग लावत. मूर्तिकाराकडून गणपती घरी आणायचे ते भावोजींच्याच गाडीतून, अशी आमच्या वाड्याची हौस होती, कारण त्यांच्या हातून मूर्तीचं बोटसुद्धा कधी दुखावलं नव्हतं. त्या दिवशी ते चपला काढून गाडी चालवत. मागे भाताच्या पेंढ्यावर गणपती बसलेले, तोंडावर कोरं वस्त्र, प्रत्येकाच्या शेजारी घरचा एकेक माणूस छत्री धरून उभा. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, वरून भुरभुर, आणि मधून ती पांढरी गाडी इतकी हळू चाललेली की रस्ताच मागे सरकतो आहे असं वाटावं. कुणी बोलत नसे. वस्त्राखालची ती सगळी तोंडं जणू झोपेत होती आणि भावोजी त्यांना झोपेतच घरी पोचवत होते. मी हे एकदा माझ्या नवऱ्याला बोलून दाखवलं. ते पेडण्याच्या कचेरीत नोकरीला आहेत आणि त्यांना बोलायची सवय कमी. त्यांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुका बरां आसा मगे?"

गाडी खराब केली ती मिठाने. उन्हाळ्यात चोपड्याच्या बाजूच्या मिठागरांवरून भावोजी मिठाची पोती डिचोलीच्या बाजारात न्यायचे. ओल्या मिठाचं पाणी झिरपून झिरपून मागचा पत्रा पार खाल्ला गेला आणि एका कोपऱ्यात भोक पडलं. मग काय, पोतं जरा उसवलेलं असलं की मिठाची बारीक धार रस्त्यावर. एकदा मी पहाटे त्यांच्या मागून स्कूटरवरून येत होते. सड्यावर धुकं होतं. त्या धुक्यात रस्त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ कुठून कुठे चाललेली दिसली, जराशी नागमोडी, जराशी चमकणारी. गाडी दिसत नव्हती, आवाजही धुक्याने गिळला होता, नुसती ती रेघ. मी तिच्यावरून स्कूटर नेत नेत त्यांना गाठलं आणि सांगितलं की तुमचं मीठ सगळं सांडतं आहे. त्यांनी खाली उतरून त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरां दिसता, नाय?" भोक बुजवायचं की नाही याला कौल लावायचा होता, तोवर दुसरं भोक पडलं.

पुढे पुढे तर गाडी चालवणं म्हणजे सगळ्या घराचं काम झालं. समोरच्या काचेवरचा फक्त डावीकडचा वायपर चालायचा, त्यामुळे पावसात रस्ता दिसायचा तो शेजारी बसलेल्याला. माझ्या नणंदेने अख्खे दोन पावसाळे त्या सीटवर काढले. "म्हस इली, उजवीकडे घेवा. आता नाय, गेली. खड्डो. अहो खड्डो!" आणि भावोजी ती सांगेल तशी गाडी नेत, डोळे मिटूनही नेली असती अशा विश्वासाने. मग त्यांचा डावा गुडघा धरला. क्लचवर पाय ठेवायचा तर हाताने मांडी उचलून ठेवावी लागे. गिअर बदलायचा म्हणजे आधी चाकावरचा हात सोडायचा, मग पाय उचलायचा, मग गिअर टाकायचा, मग पाय उतरवायचा. तेवढ्या वेळात गाडी तिच्या मनाने कुठे जाईल तिथे. मी म्हटलं, भावोजी, हे बरं नव्हे. ते म्हणाले, "तिका वाट ठावक आसा."

आणि एप्रिलात ती तिच्या वाटेने गेलीच. माझ्या खुर्च्या भरलेली गाडी उतारावर लावून भावोजी कुणाकडे तरी पाणी प्यायला गेले होते. हँडब्रेक सुटला. गाडी, आत कुणी नसताना, त्यांच्याच चालीने उतार उतरली, देवळाचं वळण बरोबर घेतलं, कापणी झालेल्या शेतात शिरली आणि बांधाला टेकून उभी राहिली. एक खुर्ची मोडली नाही. पण तिच्या वाटेवर एरवी त्या वेळी पोरं क्रिकेट खेळत असतात. त्या दिवशी परीक्षा होती म्हणून नव्हती, एवढंच. भावोजी तेव्हाही म्हणाले, "शेत बघूक गेली."  माझ्या नणंदेने रात्री ताट वाढून घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पावसाच्या आधी गाडी जाऊक होयी. नायतर मी जातंय." ती वाळपईला लेकीकडे जाण्याबद्दल बोलत होती, आणि तिने पिशवी भरूनसुद्धा ठेवली होती.

एवढं सगळं मागे होतं, म्हणून त्या सोमवारी भांडी घासताना भावोजी आत येऊन चिंचेच्या चोथ्याशेजारी उकिडवे बसायला गेले, गुडघ्यामुळे जमलं नाही, आणि पालथ्या पातेल्यावर बसले, तेव्हा मी हात न थांबवता विचारलं, "काय, गाडीक गिऱ्हाईक इला?"

"इलो हुतो. बेळगावचो. मोपाकडे फरशीचा काम करता."

"मगे?"

"फाल्या सांजवेळापर्यंत सांगा म्हणता. ह्या महिन्यान गाडीचो फिटनेस सोपता. तेच्या आत कागद जाले तर घेतलो, नायतर नको म्हणता. मगे भंगारवालोच."

उद्या संध्याकाळची मुदत त्यांनी सहज सांगितली, भंगार हा शब्द मात्र हळू उच्चारला. भंगारवाला गाडी चालवत नेत नाही; गॅसची ज्योत लावून तिचे तुकडे करून नेतो, आणि ते भावोजींनी एकदा दुसऱ्या कुणाच्या गाडीचं बघितलेलं होतं. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

"मगे हो म्हणान सांगा," मी म्हटलं. "इतक्या सोप्या गोष्टीक..."

"कौल खय दिता, वयनी?"

हे मात्र खरं होतं. गेली दोन वर्षं ते आमच्या ग्रामदेवतेला गाडी विकू का म्हणून कौल लावत होते, आणि पाकळी पडतच नव्हती. उजवी नाही, डावी नाही. भट गाऱ्हाणं घालून दमत, बाकीची माणसं येत, आपापल्या प्रश्नांचे होकार-नकार घेऊन जात, आणि भावोजींच्या पाकळ्या देवाच्या अंगावर वाळून चिकटून राहत. देव त्यांच्याशी बोलत नाही अशी कुजबुज सुरू झाली होती. भावोजींनी त्याचा अर्थ थांबायचा असा घेतला होता आणि ते थांबले होते.

मी हात धुतले, पदर खोचला आणि म्हटलं, चला. देवळात दुपारच्या पूजेआधी पोचलो. नेहमीचे भट आजारी होते, त्यांचा पुतण्या आलेला होता, चाळिशीचा, चौकस. त्याने पाकळ्या भिजवता भिजवता सहज विचारलं, "गाडी घेतना कौल खय लायलेलो?"

"डिचोलीक. आवयच्या गावच्या देवीक."

त्याने हातातल्या पाकळ्या खाली ठेवल्या. "मगे हय कित्या विचारतात? तिणें दिलेली वस्त विकची काय नको, ता हो देव कसो सांगतलो? दुसऱ्याच्या घरातली गजाल."

भावोजी देवाकडे बघत राहिले. दोन वर्षं देव गप्प नव्हता; दोन वर्षं देव भिडेखातर बोलत नव्हता. आपण दोन वर्षं शेजाऱ्याला अवघडून टाकलं, अशा नजरेने त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलां. माफ करा." मग माझ्याकडे वळले. "वयनी, फाल्या तुमका डिचोलीक काय काम आसा?"

मला कल्हईवाल्याकडे जायचंच होतं. आणि मी गेले नसते तर त्यांनी देवीला काहीतरी भलतंच विचारलं असतं.

मंगळवारी पहाटे निघालो. शेवटचा प्रवास वगैरे शब्द मी मनात येऊ दिले नाहीत. मांडीवर मोठा टोप होता आणि दाराची कडी हाताने धरून बसावं लागत होतं. पण सड्यावर आल्यावर उजाडायला लागलं. मे महिन्यात तिथे सकाळी धुरकट गुलाबी उजेड असतो, लांबच्या टेकड्या कागदाच्या कापून लावल्यासारख्या दिसतात, आणि पिकलेल्या काजूंचा आंबूस गोड वास खालून वर येतो.  गाडी खडखडत नव्हती, किंवा मला तसं वाटलं. इब्रामपूर मागे पडलं, दोडामार्ग आलं, पुढे रस्ता झाडीत शिरला आणि उन्हाचे ठिपके काचेवरून आमच्या अंगावर, अंगावरून मागे मोकळ्या हौद्यात पडत गेले. मला पेंगच आली. जाग आली तेव्हा मी त्यांना पढवत होते, बहुधा झोपेतही तेच चाललेलं असावं: "भावोजी, सरळ विचारा. विकू काय? इतक्याच. फाटे फोडू नकात."

"होय," ते म्हणाले. त्यांच्या 'होय'चा अर्थ ऐकू आलं एवढाच असतो.

देऊळ लहान, स्वच्छ, पोफळींच्या सावलीतलं. तिथले भट म्हातारे, भावोजींच्या आईला नावाने ओळखणारे. त्यांनी देवीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या, वाऱ्याचा संशय नको म्हणून डोक्यावरचा पंखा बंद केला, आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बाये माये, तुज्या हुकुमान ह्या तुज्या लेकरान जी गाडी घेतली, ती आज विकची म्हणता..."

"भटानू, रावात," भावोजी म्हणाले. मी डोळे मिटले.

"काय जाला?"

"विकची म्हणू नकात. दुसऱ्याच्या हातीं दिवची म्हणा."

"बरां. दुसऱ्याच्या हातीं दिवची म्हणता..."

"आणि तो तिका तोडूचो नाय ना, ताय विचारा."

"अरे, दोन प्रश्न एका पाकळेक कसे विचारू?" भट वैतागले. "एक काय ता सांग. दिवची काय तोडूची?"

"तोडूची न्हय! तोडूची नावसुद्धा घेऊ नकात, तिका ऐकू जाता." देवीला की बाहेर उभ्या गाडीला, ते कळलं नाही. "बेळगावच्या माणसाच्या हातीं दिवची काय, तशें विचारा. पण देवीक सांगा, गुडघ्याचा कारण न्हय. माका चलवूक जमता. बायलेन पिशवी भरून ठेवल्यान म्हणान..."

भटांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून देवीकडे तोंड वळवलं, मोठ्याने म्हणाले, "बाये, तो बेळगावचो मनीस..." आणि उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली. घरंगळली नाही, अडखळली नाही. पिकलेलं पान सुटावं तशी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

 पोफळींत कुठेतरी पक्षी बोलत होता.

"प्रश्न पुरो जावंक नाय," भावोजी म्हणाले. "परत लाया."

भटांनी पंखा सुरू केला. "तिका कळलो," ते म्हणाले. "तुका तेवढो कळूचो आसा."

बाहेर सभामंडपात आम्ही दोघं खांबाला टेकून बसलो. मला घाई होती. कल्हईवाला बाराला बंद करतो. पण मी उठा म्हटलं नाही. भावोजी चष्मा काढून पंच्याने पुसत होते, पुसून झाल्यावरही पुसत होते. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधं, रस्ता विचारावा तसं, "वयनी, फाल्या सकाळी उठान मी जाऊ खय?"

मी हिशेबी बाई आहे. कुणी काही विचारलं की मला उत्तर द्यायची खोड आहे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं. तेव्हा मी नुसती टोपाच्या काठावरून बोट फिरवत बसले. त्यांना पाकळीची भीती नव्हती आणि पत्र्याचाही तेवढा मोह नव्हता. गाडी आहे म्हणून सकाळ आहे, सकाळ आहे म्हणून कुणाचं मीठ, कुणाचे गणपती, कुणाच्या खुर्च्या, वाटेत कुणी दमलेला माणूस. हे सगळं एका सहीने जाणार होतं, आणि सही करा असं सांगणाऱ्यांत मी पहिली होते. अजूनही तेच सांगितलं असतं. क्रिकेट खेळणारी पोरं मला रोज दिसतात.

संध्याकाळी बेळगावचा माणूस भावोजींच्या घरी आला. रांगडा, हसरा, डोक्याला फरशीची पांढरी धूळ. भावोजींनी त्याला गाडीभोवती फिरवून सगळं सांगितलं: दार उघडताना आधी थोडं वर उचलायचं, दुसऱ्या गिअरला ती रुसते तेव्हा जबरदस्ती करायची नाही, सकाळी लगेच काम सांगायचं नाही, जरा वेळ नुसतं उभं राहायचं.

"काय वो काका," तो म्हणाला, "गाडी देतायसा का पोरगी?"

"तोडूक दिवचो नाय ना?"

"तोडतोय कशाला वो? पोट हाय की माझं तिच्यावर."

भावोजींनी मान हलवली आणि कागदांवर सही केली. माझ्या नणंदेने गाडीच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि त्या माणसाच्या हातावर साखर ठेवली. गाडी सुरू झाली, फाटकातून गेली, तो डब्यातल्या सुपाऱ्यांचा आवाज वाड्यावरून, देवळावरून, सड्याच्या चढापर्यंत ऐकू येत राहिला, आणि मग आपण तो ऐकतो आहोत की नुसता आठवतो आहोत हे कळेनासं झालं. भावोजी ओट्यावर जाऊन बसले. नणंद मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, दार लोटलं आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आता हे दिवसभर घरात? ह्या माका आधी कोणी सांगूक नाय!"

बुधवारी मला चोपड्याला लग्नाच्या खुर्च्या पोचवायच्या होत्या. नवा टेम्पो ठरवलेला होता. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा, वेळेवर आलेला. खुर्च्या भरून झाल्यावर त्याने फोन काढून त्यावर रस्ता लावला. मी त्याला फोन खिशात ठेवायला सांगितलं. "रस्ता सांगायला माणूस येतोय."

"अवो, रस्ता ह्यात दिसतोय की, ताई."

"असू दे. ठेवा खिशात."

मग मी भावोजींना फोन केला आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं की खुर्च्या निघाल्या आहेत, ड्रायव्हर नवा आहे, त्याला ह्या बाजूचं काही म्हणजे काही ठाऊक नाही, तुम्ही आला नाहीत तर मांडव खुर्च्यांवाचून राहील. ते आले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. टेम्पोला एक फेरी घातली, टायरला हात लावून बघितला, आणि सवयीने उजव्या बाजूला जाऊन दाराच्या कडीला हात घातला. आत ड्रायव्हर बसलेला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भावोजींनी कडी सोडली आणि टेम्पोच्या पुढून, सावकाश, एक हात पत्र्यावर ठेवून, सगळा वळसा घालून ते डावीकडे आले. वर चढायला गुडघ्याला वेळ लागला. बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. दाराचा खटका त्यांना सापडत नव्हता. मी पुढे झाले आणि बाहेरून दार लोटून घट्ट लावलं.